आधी फाउंडेशन वेल्ड केलं, कोन मागाहून मोजला

मारुती जिप्सीचं इंजिन घालून शेडमध्ये बांधलेली गाडी पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर धावली ती मे महिन्यात, आणि दोन तक्रारी घेऊन शेडमध्ये परतली. ताशी ५५ किमीच्या पुढे गेलं की सीटखालून गुरगुर सुरू व्हायची, ६० ते ६५ला ती आरशाच्या दांडीपर्यंत पोचायची आणि ७५नंतर काहीशी निवायची. दुसरी तक्रार तापण्याची. वीस मिनिटांत स्कॅनरवर पाण्याचं तापमान १०८ अंश. इंजिन स्वतः ठणठणीत होतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं, ऑइल प्रेशर नीट, धूर नाही. त्यामुळे इंजिन न उघडता ते फाउंडेशनवर, म्हणजे त्याला सांगाड्याशी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर, कसं बसवलं आहे याची पहिल्यापासून तपासणी झाली. पुढे आहे ती त्या तपासणीची आणि दुरुस्तीची नोंद.

गाडी १९५७च्या लोटस सेव्हनच्या धाटणीची, दोन सीटांची, बिनछताची रोडस्टर. सांगाडा २५ × २५ मिमी, १.६ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपचा, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये सीओटू वेल्डिंगने जोडलेला. व्हीलबेस २३४० मिमी, ड्रायव्हरशिवाय वजन ६४० किलो. सोलापुरात असल्या कामाला लेथ आणि मिलिंग शोधत फिरावं लागत नाही. यंत्रमागांच्या सुट्या भागांनी ही कारागिरी गल्लोगल्ली मुरवली आहे, आणि कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्सही इथलीच. या प्रकरणात हात कुठेच कमी पडला नाही. क्रम चुकला.

कायद्याचं आधीच सांगितलेलं बरं. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी लागते. नोंदणीसाठी वाहनाचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा वाहन-चाचणी संस्थेकडून तपासून मान्य व्हावा लागतो, आणि एका गाडीसाठी ते परवडणारं नाही. जुन्या गाडीचं आरसी बुक नव्या सांगाड्याला लावण्याची युक्ती कुणीतरी सुचवतोच, ती वाहनातल्या फेरफारांवर बंधन घालणाऱ्या कलम ५२मध्ये अडकते. त्यामुळे ही गाडी खासगी आवारातच चालते आणि तिथवर पिकअपवर लादून नेली जाते. चाचणीचा पट्टा शहराबाहेरच्या खासगी जागेतला, सरळ ७०० मीटर डांबरी.

इंजिन मारुती जिप्सीचं, जी१३बीबी. १२९८ सीसी, बोअर ७४ आणि स्ट्रोक ७५.५ मिमी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्टरने फवारणारं), ६००० आरपीएमला ८० बीएचपी आणि ४५०० आरपीएमला १०३ न्यूटन-मीटर. निवड चांगली होती. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने गिअरबॉक्स आणि सेल्फसकट सगळं चेन ब्लॉकच्या काट्यावर १२१ किलो भरलं. इंजिन मुळातच गाडीच्या लांबीच्या रेषेत बसणारं आणि मागच्या चाकांना ताकद देणारं आहे, म्हणून स्विफ्ट किंवा वॅगनारच्या आडव्या इंजिनासारखी कसरत नाही. एस्टीम आणि व्हर्सातही याच घराण्याचं इंजिन होतं, त्यामुळे आतले बरेच सुटे भाग सहज मिळतात. लष्कराच्या लिलावातून निघालेल्या जिप्सी भंगारात येतात. तिथून घेताना बिल आणि इंजिन नंबर जुळवून घ्यावा, कारण चोरीचं इंजिन खासगी आवारातही चोरीचंच असतं.

जिप्सीचं आणखी एक सोयीचं. तिची ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. ती वेगळी टांगलेली असते आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. तो काढला की गिअरबॉक्समधून थेट मागच्या डिफरन्शियलला प्रॉपेलर (ताकद मागे नेणारा फिरता शाफ्ट) जोडता येतो. इथे बऱ्याच जणांना शंका येते की ट्रान्सफर केसचं हाय गिअरचं १.४०९ हे गुणोत्तर गेल्यावर गाडी उचलेल का. हिशेब करून पाहू. या हाउसिंगमध्ये, म्हणजे मागच्या आसाच्या खोळीत, क्राउनला (मोठ्या दातचक्राला) ४३ आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राला) ११ दात भरले, म्हणजे ३.९०९. दुसऱ्या हाउसिंगमध्ये वेगळे निघू शकतात, म्हणून कव्हर उघडून मोजायचेच. पहिला गिअर ३.६५२. जिप्सीत एकूण ३.६५२ × १.४०९ × ३.९०९ म्हणजे सुमारे २०.१. ट्रान्सफर केस काढल्यावर १४.३. ओढ २९ टक्के घटली. पण सॉफ्ट टॉप जिप्सी ९८५ किलोची आणि ही ६४०ची, म्हणजे ओझं ३५ टक्क्यांनी घटलं. शिवाय २०५/७० आर१५ ऐवजी १९५/६० आर१५ टायर, व्यास ६६८वरून ६१५ मिमी. गाडी क्लच न जाळता उठते.

टायरचा खरा घेर टायरवरच्या आकड्यांवरून काढू नये. टायरवर आणि फरशीवर खडूची खूण करून, ड्रायव्हर बसवून, गाडी एक फेरी ढकलली. अंतर भरलं १.८८ मीटर. चौथा गिअर थेट, १:१. म्हणजे ३००० आरपीएमला चौथ्यात ताशी सुमारे ८७ किमी. हाच १.८८ पुढे थरथर शोधताना कामी आला.

आता मूळ बसवणी कशी झाली ती पाहू.

इंजिन आधी सांगाड्यात ठेवलं गेलं ते नुसता ब्लॉक आणि गिअरबॉक्स एवढंच. हेड नाही, मॅनिफोल्ड नाही, सेल्फ नाही, अल्टरनेटर नाही. सांगाडा लोखंडी टेबलावर, चाकं नाहीत, स्प्रिंग नाहीत. चेंबरखाली (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) लाकडी ठोकळे देऊन, डोळ्याला बरं दिसेल अशा जागी इंजिन थांबवलं, दोन्ही बाजूंची फाउंडेशन ५ मिमी पट्टीची बनवली आणि एकाच दिवशी फुल वेल्ड मारून टाकली. टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या ठिपक्यांवर, थांबले असते तर पुढचं निम्मं काम वाचलं असतं. मग मागचं हाउसिंग टेबलाला समांतर, म्हणजे पिनियन शून्य अंशात, चार दांड्यांवर बसवलं. प्रॉपेलर सगळ्यात शेवटी, जे अंतर उरलं त्या मापाचा कापून.

मागच्या चाकांच्या गाडीत ही दिशाच उलटी आहे. मागचा आस गाडीच्या खऱ्या उंचीवर पक्का होतो, त्यावरून पिनियनचा कोन, त्यावरून प्रॉपेलरची रेषा, तिच्यावरून गिअरबॉक्सचं शेपूट, आणि तेव्हा कुठे इंजिनचं डोकं कुठे येणार ते कळतं. फाउंडेशन म्हणजे या सगळ्याच्या टोकाला उरलेली पोकळी भरणारी पट्टी. ती आधी बनवली की बाकी सगळ्यांना तिच्याभोवती वाकावं लागतं.

थरथर कशाची, हे पान्याआधी आकड्यांनी शोधलं. पहिली चाचणी: ताशी ६२ला क्लच दाबून गिअर न्यूट्रल केला. इंजिन ९०० आरपीएमवर आलं, थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन, क्लच प्लेट आणि फाउंडेशनची रबरं यादीतून बाहेर. जे काही आहे ते रस्त्याच्या वेगाशी बांधलेलं आहे. दुसरी: फोन ड्रायव्हरच्या सीटच्या पाइपला टेपने घट्ट बांधून, सेकंदाला २००हून जास्त नोंदी घेणाऱ्या ॲपवर कंपनांचं मोजमाप. ताशी ६०ला चाक सेकंदाला ८.९ फेऱ्या करतं. प्रॉपेलर त्याच्या ३.९०९ पट, ३४.६ फेऱ्या. टायर किंवा रिमचा दोष असता तर टोक ९ हर्ट्झच्या आसपास दिसलं असतं आणि स्टीअरिंग डुललं असतं. प्रॉपेलर वाकडा किंवा बॅलन्समध्ये नसता तर ३५वर. टोक आलं ६९ ते ७०वर, प्रॉपेलरच्या बरोबर दुप्पट. एका फेरीत दोनदा धक्का देणारी गोष्ट प्रॉपेलरवर एकच असते, ती म्हणजे क्रॉस, त्याच्या दोन्ही टोकांचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा.

क्रॉस कोनात फिरला की बाहेर जाणारा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तितक्याच कोनात असेल आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे दोन कानांचे तुकडे) एका रेषेत असतील तर तो हा चढउतार पुसून टाकतो. कोन वेगळे असतील तर फरक शिल्लक राहतो, आणि तो कोनाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५ अंशांचा क्रॉस अडीच अंशांच्या क्रॉसपेक्षा दुप्पट नव्हे, चौपट त्रास देतो.

आधी योक पाहिले. दोन्ही कान एका रेषेत होते, स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी सरकता जोड) एक दातही चुकलेली नव्हती. लेथवाल्याचं काम चोख. प्रॉपेलर मध्यभागी डायल गेजवर ०.३ मिमी पळत होता, तेही चालण्यासारखं.

मग कोन. गाडी समतल फरशीवर, टायरमध्ये नेहमीची हवा, टाकीत अर्धं पेट्रोल, आणि ड्रायव्हरच्या सीटवर ज्वारीचं ५० किलोचं पोतं आणि वर वीस किलोची गोणी. (पोतं ड्रायव्हरपेक्षा बरं, ते हलत नाही आणि पाणी मागत नाही.) पुढून-मागून गाडी दाबून स्प्रिंग मोकळ्या केल्या. डिजिटल अँगल गेज चार ठिकाणी लावला: क्रँक पुलीच्या तोंडावर, गिअरबॉक्सच्या फ्लँजवर (जोडणीच्या तबकडीवर), प्रॉपेलरच्या नळीवर, पिनियनच्या फ्लँजवर. पुली आणि गिअरबॉक्सचं फ्लँज एकच आकडा दाखवतात की नाही हे पाहणं महत्त्वाचं. फरक आला तर गेज मळावर बसला आहे असं समजायचं.

इंजिन-गिअरबॉक्स मागच्या बाजूला ४.५ अंश उतरता. प्रॉपेलर गिअरबॉक्सकडून मागे जाताना ०.६ अंश चढता, कारण गिअरबॉक्सचं फ्लँज जमिनीपासून २६८ मिमी आणि पिनियनचं २७५, मध्ये ७०० मिमी. पिनियन शून्य. म्हणून पुढचा क्रॉस ५.१ अंशांत, मागचा ०.६ अंशात. मागचा जवळजवळ सरळ, तो पुढच्याचा चढउतार पुसणार कसा? दोन्ही कोनांच्या वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढलं की शिल्लक कोन मिळतो. इथे तो ५.१ अंश, म्हणजे काहीच पुसलं जात नव्हतं. तीन अंशांच्या आत असावा असा ठोकताळा आहे.

मागचा क्रॉस इतका सरळ असणंही वाईटच. क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या हलत नाहीत, कपात एकाच जागी खळगे पाडतात. दीड वर्षाने क्रॉस गेला की लोक कंपनीला शिव्या देतात.

दुरुस्तीत दोन्ही टोकं हलवावी लागली. फक्त पिनियन ४.५ अंश वर केलं असतं तर कागदावर समांतर झालं असतं, पण दोन्ही क्रॉस मोठ्या कोनात गेले असते. म्हणून गिअरबॉक्सचं शेपूट उचललं. पुढच्या फाउंडेशनच्या रबरांपासून फ्लँजपर्यंत ६९० मिमी. दीड अंश कमी करायचा तर ६९० मिमीवर १८ मिमी. गिअरबॉक्सच्या आडव्या पट्टीखाली १२ आणि ६ मिमीच्या दोन प्लेटा दिल्या, बोल्ट बदलून तेवढेच जास्त लांब घातले. जुन्या बोल्टचे आटे नटाबाहेर दोनही उरले नव्हते. फ्लँज २८६ मिमीवर आलं, उतार ३ अंशांवर.

पिनियन वर करायचं म्हणजे हाउसिंग फिरवायचं: नाक वर, डोकं मागे. वरच्या दोन दांड्या लांब करायच्या. वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या ब्रॅकेटमध्ये उभं अंतर २०० मिमी, दोन अंशांसाठी ७ मिमी लागतात. दांड्यांच्या टोकाला दीड मिमी पिचचा आटा, म्हणजे पावणेपाच फेऱ्या. दोन्ही दांड्या तंतोतंत सारख्या फिरवायच्या, नाहीतर हाउसिंग पिळतं आणि बुश कोरडे ओरडू लागतात. पिनियनचं फ्लँज त्यामुळे ७ मिमी वर आलं, २८२. प्रॉपेलर आता मागे जाताना ०.३ अंश उतरता. पुढचा क्रॉस २.७, मागचा १.७. शिल्लक कोन २.१.

इंजिन ३ अंश आणि पिनियन २ अंश, पूर्ण समांतर का नाही केलं? कारण ॲक्सिलरेटर दाबला की पिनियन नाक वर काढतं. दांड्यांना रबर बुश असले तर साधारण अंशभर. बसलेल्या गाडीत एक अंश कमी ठेवला की ओढताना दोघं समांतर येतात. हाउसिंग मुळात पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) असतं तर यापेक्षा जास्त सोडावं लागलं असतं, कारण पाटे पिळतात.

शेपूट १८ मिमी उचलण्याची किंमत बोगद्यात, म्हणजे गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर झाकणाऱ्या पत्र्यात, मोजावी लागली. गिअरबॉक्सच्या डोक्यावर बोगद्याचा पत्रा २२ मिमी दूर होता, आता ४ मिमी. रबरांवर डुलणारं इंजिन तेवढ्यात पत्रा बडवणारच. ३०० मिमीचा तुकडा कापून २५ मिमी उंच टोपी बसवली. प्रॉपेलरच्या पुढच्या योकभोवती ५ मिमी पट्टीची कडीही याच वेळी घातली. क्रॉस तुटला तर प्रॉपेलर जमिनीत रुतून गाडी उचलू नये, किंवा बोगद्यातून मांडीत शिरू नये, म्हणून. ती पहिल्या दिवशीच हवी होती.

स्लाइडिंग जॉइंटही पाहून घेतला. चाकं पूर्ण लोंबकळली आणि पूर्ण दाबली, दोन्ही टोकांना किमान २५ मिमी सरक शिल्लक हवी. इथे एका बाजूला ३१, दुसऱ्या बाजूला २८ निघाली. ती नसली तर खड्ड्यात प्रॉपेलर गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगला हातोड्यासारखा ठोकतो.

दुरुस्तीनंतर त्याच पट्ट्यावर ताशी ६०ला ६९ हर्ट्झचं टोक आलेखाच्या खरखरीत बुडालं होतं. ३५ हर्ट्झवर आता एक लहानसं टोक दिसू लागलं, जे आधी मोठ्याच्या सावलीत होतं. तो प्रॉपेलरचा बॅलन्स. ट्रकचे प्रॉपेलर बॅलन्स करणाऱ्या मशीनवर तो चढवून दोन ठिकाणी वजनं चिकटवली.

नुसत्या ब्लॉकवर माप घेतल्याचे हप्ते आणखी दोन ठिकाणी फेडावे लागले. अल्टरनेटर चढवला तर बेल्ट ताणायला तो बाहेर ओढताच वरच्या पाइपला टेकायचा. पाइप कापणं म्हणजे सांगाड्याचा त्रिकोण तोडणं, म्हणून अल्टरनेटरची ताणपट्टी बदलून १५ मिमी लहान बेल्ट घातला. उजव्या फाउंडेशनची पट्टी स्टीअरिंगच्या दांडीपासून ७ मिमीवर आली होती. हे जास्त गंभीर. ड्रायव्हरच्या जागेवरून पाहिलं तर ओढताना हे इंजिन उजवीकडे दबतं आणि डावीकडे उचलतं. दांडीला लागलं तर ऐन वळणात स्टीअरिंग अडकेल. पट्टी आतून खाचली, गसेट (त्रिकोणी आधारपट्टी) देऊन ताकद भरून काढली आणि अंतर १८ मिमी केलं. डाव्या बाजूचं रबर ओढीत असतं. रबर आणि लोखंडाचा जोड सुटला तर इंजिन उठून ॲक्सिलरेटर केबल खेचून धरतं. म्हणून डावीकडे रबराच्या वरून साखळीसारखी ढिली लोखंडी पट्टी लावली, ६ मिमी मोकळीक ठेवून. फाउंडेशन सांगाड्याच्या सांध्यावरच यायला हवीत, १.६ मिमी पाइपच्या मधोमध नव्हे. इथे एक सांध्यापासून ९० मिमी दूर होतं. तिथे पाइपला केसासारखी चीर दिसली, रंगाखालून गंजाची रेघ. ३ मिमीची प्लेट दोन पाइपांवर पसरून वेल्ड केली.

चेंबरचं काम मात्र सुरुवातीलाच नीट झालं होतं, म्हणून थोडक्यात. मूळ चेंबर जमिनीपासून ९६ मिमीवर येत होता आणि सांगाड्याचा तळ १२५वर. चेंबर सांगाड्याखाली लोंबला की पहिल्याच उंचवट्याला फुटतो. त्याचा तळ ३० मिमी कापला, घटलेली जागा दोन्ही बाजूंना पंख काढून भरली. मूळ चेंबरमध्ये ऑइलच्या रेषेपर्यंत मापाने पाणी भरून किती मावतं ते आधी मोजलं होतं, नव्यातही तितकंच भरलं. जाळीची नळीही ३० मिमी छोटी केली आणि जाळी ते तळ ९ मिमी ठेवलं. जाळी तळाला चिकटली तर ऑइल ओढत नाही, फार वर राहिली तर वळणात हवा ओढते, आणि दोन्हींत बेअरिंगच जातात. आडव्या पत्र्याचे अडसर घातले. डिपस्टिकच्या खुणा जुन्या उतारावरच्या असल्याने मापाने ऑइल ओतून नव्या कोरल्या. शेपूट उचलल्यावर उतार पुन्हा बदलला आणि त्या पुन्हा कोराव्या लागल्या, हे विसरायला नको.

तापण्याची तक्रार. सोलापूरचा मे म्हणजे सावलीत ४२-४३ अंश. रेडिएटरची छाती ३५० × ३२० मिमी, नाकाचं तोंड ३०० × ११०, म्हणजे छातीच्या २९ टक्के. एवढं तोंड पुरतं, आत आलेली हवा रेडिएटरमधूनच गेली तर. ती जात नव्हती. कडेने बोटभर फटी, आणि हवा सोपी वाट सोडत नाही. हात लावून पाहिलं: वरचा होज पोळणारा, खालचा कोमट, आणि काटा १०० ते १०८ असा झोके घेत होता. पंखा सुरू, पण पाणीच वाहत नव्हतं. रेडिएटर नीटच थंड करत नसता तर खालचाही होज तापला असता. हे हवेच्या बुडबुड्याचं लक्षण.

कारण उंचीत सापडलं. रोडस्टरचं नाक बुटकं, रेडिएटरचा माथा थर्मोस्टॅटच्या घरापेक्षा ६० मिमी खाली. जिप्सीत रेडिएटर उंच असतो आणि हवा त्याच्या झाकणाकडे आपोआप चढते. इथे ती हेडमध्येच अडकून बसायची. फायरवॉलवर (इंजिन आणि ड्रायव्हर यांच्यामधल्या पत्र्यावर) वेगळी टाकी बसवली, तळ थर्मोस्टॅटच्या घराच्या ३० मिमी वर. प्रेशरचं ०.९चं झाकण त्या टाकीला, रेडिएटरला साधं बंद झाकण. थर्मोस्टॅटच्या घरातून ६ मिमीची नळी टाकीच्या माथ्याला, आणि टाकीच्या तळातून जाड होज पंपाच्या ओढीच्या बाजूला. भरताना गाडीचं नाक जॅकवर उचललं. ०.९ बार दाबात नुसतं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं, पण झाकणाचं रबर सुकलं असेल तर १००लाच. झाकण नवं घ्यावं, ते सगळ्यात स्वस्त आहे.

पाणी बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड, कूलंटसोबत निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी घातलं तर वर्षभरात रेडिएटरच्या नळ्यांत चहाच्या भांड्यासारखा थर बसतो. कडेच्या फटी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने आणि फोमच्या पट्टीने बंद केल्या. पंखा रिलेवर, ९५ला सुरू. त्याच उन्हात, त्याच पट्ट्यावर चाळीस मिनिटं: ९४ ते ९८.

उरलेलं किरकोळ, पण एक वायरचं सांगायलाच हवं. इंजिन रबरांवर बसतं, म्हणजे सांगाड्यापासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटर केबलचं आवरण गरम लागायचं आणि कधी कधी ईसीयू (इंजिनचा संगणक) मधूनच बंद पडायचा. सेल्फचा करंट केबलमधून परत येत होता. बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सला आणि तिथून सांगाड्याला २५ चौरस मिमीची वेणी, टोकाखालचा रंग खरवडून, एवढ्यात सुटलं. आणि सांगाड्यावर पुढचं कुठलंही वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीयूचा कपलर काढायचा. दुरुस्तीच्या वेळी तो काढला गेला होता, पहिल्या वेळी नव्हता. ईसीयू वाचला तो नशिबाने.

स्पीडोमीटरची केबल जिप्सीत ट्रान्सफर केसमधून निघते. ती केस काढल्यावर काटा शून्यावरच. पिनियनच्या फ्लँजवर दोन चुंबकं आणि शेजारी हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेलं की खूण देणारा) बसवला. प्रॉपेलरची फेरी आणि १.८८ माहीत असल्याने वेगाचा हिशेब आधीच तयार होता. गिअर लिव्हर हाताच्या नैसर्गिक जागेच्या १४० मिमी पुढे येतो, तो मागे वाकवून घेतला आहे. तिसऱ्या गिअरला अजून डॅशबोर्डला बोटं घासतात. तो दुसऱ्यांदा वाकवायचा बाकी आहे.